कुंकवाची रेघ

मित्रांनो, तुम्ही जीपच्या पुढच्या सीटवर बसता तेव्हा तुमच्या आणि ड्रायव्हरच्या मधे एक दांडा उभा असतो. ड्रायव्हर तो पुढे-मागे ओढतो आणि गाडीची चाल बदलते. दांडा सगळ्यांना दिसतो. त्याच्या खाली, तुमच्या पायांजवळ, लोखंडी कवचात बंद असलेला मी कोणालाच दिसत नाही. मी एक जुना गिअरबॉक्स आहे. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जीपमध्ये माझं आयुष्य गेलं आणि, सांगायला बरं वाटतं, अजून जातं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. कवच ओतलं गेलं, दातेरी चाकं कापली गेली, शाफ्टवर बेअरिंगं बसली. गिअरांच्या शेजारी पितळेची कडी बसवली. कडं दिसायला बांगडीएवढं, पण त्याचं काम मोठं. गिअर बदलताना आतले भाग वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. कडं त्यांचा वेग आधी सारखा करतं, मगच दात दातांत अलगद शिरतात. कडं बिघडलं की दात दातांवर आपटतात आणि करकर असा आवाज येतो. हा आवाज ध्यानात ठेवा.

मी करंजी घाट किती वेळा चढलो ते मला सांगता येणार नाही. बाजारकरी, वऱ्हाडी, शेळ्या, कांद्याच्या गोण्या, सगळ्यांचं वजन मी ओढलं. माझा मालक अजिनाथ यानं जीप घेतली तेव्हा तो माझं तेल वेळेवर बदलायचा आणि प्रवाशांना अभिमानानं सांगायचा, गिअर कसा लोण्यासारखा पडतो बघा. पुढे धंदा वाढला, तसा तेलाचा विसर पडला. दांड्यावर हात टेकवून गाडी चालवायची सवय त्याला लागली. क्लच अर्धाच दाबून तो मला ढकलू लागला. माझी करकर सुरू झाली. ती झाली की गाडीतली बोलणी क्षणभर थांबत आणि मागून कोणीतरी म्हणे, “अजिनाथा, तुझी जीप दात खाती रं.” सगळे हसत. मला हसू येत नसे.

अलीकडे जीपला एक चांगलं काम मिळालं होतं. दसरा झाला की आमच्या वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पूर्वी पोरंही उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, राहायला जायची आणि त्यांची शाळा सुटायची. शाळा वस्तीपासून दूर, रस्ता सुनसान. जीप रोज ने-आण करू लागली, तेव्हा आईबाप पोरांना आजी-आजोबांपाशी ठेवू लागले.

यंदा नवरात्रात शाळेजवळच्या चढावर माझा दुसरा गिअर पडेचना. जीप ढकलत घरी आली. पाथर्डीतल्या मिस्त्रीनं दिवाळीआधी नंबर लागणार नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी शेजारची लंकाबाई आली. तिची रेश्मा दहावीत होती. लंकाबाई दारातच उभी राहिली.

“भाऊ, जीप चालू असंल तर पोरगी ठिवते म्हातारीपाशी. न्हाई तर कोयता घिऊन ती आमच्यासंगं येईल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ट्रॅक्टर येनार हाय.”

अजिनाथ तरुणपणी श्रीरामपूरला गॅरेजात कामाला होता. त्यानं मला घरीच खोलायचं ठरवलं. लिंबाखाली जॅक आणि दगड लावून त्यानं मला खाली उतरवलं. त्याची बायको धनश्री हिनं जुनं लुगडं अंथरलं आणि एक नियम घातला. निघालेल्या भागाचा मोबाईलवर फोटो काढायचा, मगच तो लुगड्यावर ओळीनं ठेवायचा.

“लग्नातबी एवढं फोटू न्हवतं काढलं,” अजिनाथ म्हणाला.

“लग्नात काय परत जोडायचं नव्हतं,” धनश्री म्हणाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी प्रथमच इतका उघडा झालो होतो. एक बेअरिंग खडखडत होतं. अजिनाथनं ते कानाशी धरून फिरवलं आणि निकाल दिला की दुखणं बेअरिंगचंच. काळपट झालेली पितळी कडी त्यानं डिझेलमध्ये बुचकळून तशीच ठेवली. खंडेनवमीला सकाळी नगरहून नवीन बेअरिंग आणायचं आणि दुपारी मला बंद करायचं, असं त्याच्या मनात होतं.

तो एसटीनं परत आला तेव्हा लुगड्यावर एकही पाना नव्हता. एक पितळी कडंही गायब होतं. त्याला आधी भंगारवाल्याचा संशय आला. धनश्रीनं फोटो उघडून दाखवला. दुसऱ्या गिअरच्या अंगाला कडं स्पष्ट दिसत होतं. दोघांनी जीपखाली, चाकांमागे, कोंबड्यांच्या डालग्यात शोधलं. तेवढ्यात अजिनाथच्या आईनं, दगडाबाईनं, नारळ फोडायला घरात हाक मारली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर विळा होता, कुऱ्हाड होती, लंकाबाईनं आणून ठेवलेले कोयते होते, सगळे पाने होते. मधोमध झेंडूच्या फुलांत माझं कडं होतं, लखलखीत, हळदीकुंकवानं माखलेलं.

“आई, ते गाडीचं हाय.”

“मंग? काळं पडलं हुतं. चिंच लावून घासलं. पान्यांची पूजा करायची आन त्येची न्हाई व्हय?”

अजिनाथनं हात पुढे केला. दगडाबाईनं तो वरच्यावर अडवला. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही तिच्या सासूपासूनची रीत होती.

“आज त्येंला इसावा. उद्या उचल.”

“परवा ट्रॅक्टर येनार हाय, आई.”

“मला ठावं हाय. रेश्मा माझ्याबी मांडीवर खेळल्याली हाय.”

तो लिंबाखाली जाऊन बसला. मीही उघडाच पडून राहिलो. एक दिवस वाया गेला, असं आम्हा दोघांना वाटलं.

दसऱ्याला उजाडताच त्यानं कडं उचललं आणि फडक्यानं पुसलं. हळद निघाली, कुंकू निघालं. एक रेघ मात्र निघेना. केसासारखी बारीक, लाल रेघ, कड्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. त्यानं ती पुन्हा पुसली. मग दोन्ही अंगठ्यांनी कडं हलकेच ताणलं, तशी रेघ उघडली.

कडं चिरलेलं होतं. काजळीखाली चीर लपली होती. चिंचेनं काजळी गेली आणि चिरेत कुंकू भरलं.

“बेअरिंग एकटं न्हवतं,” अजिनाथ हळूच म्हणाला. “काल हेच बसवलं असतं मी.”

काल तो ते बसवून मोकळा झाला असता आणि चढावर मी पुन्हा अडलो असतो. पुन्हा खोलायला वेळच उरला नसता.

आता नवं कडं हवं होतं आणि सणामुळे दुकानं बंद होती. शेजारच्या गावातल्या कल्याणची अशीच जीप कधीच मोडीत निघाली होती, पण तिचा गिअरबॉक्स त्याच्या गोठ्यात पडून होता. अजिनाथ दुसऱ्याच्या मोटारसायकलवर तिकडे गेला. कल्याणनं स्वतः तो खोलला, कडं काढलं आणि अजिनाथच्या तळहातावर ठेवलं.

“आपट्याचं पान न्हाई माझ्याकडं. हे सोनं घे,” तो म्हणाला.

घरी आल्यावर धनश्रीनं ते कडं आधी चिंचेनं घासलं, मग कुंकू चोळलं आणि पुसलं. रेघ उमटली नाही. मगच तिनं ते अजिनाथच्या हाती दिलं.

जोडणी सुरू झाली. धनश्री फोटो शेवटाकडून सुरुवातीकडे दाखवत गेली. सुयांसारखे बारीक रोलर ग्रीसमध्ये चिकटवून बसवले. नवीन बेअरिंग बसलं, शाफ्ट बसला, गिअर सरकवणारे काटे बसले, झाकण लागलं. लुगडं रिकामं झालं. एकही वस्तू उरली नाही, हे पाहून अजिनाथनं पहिल्यांदा चहा मागितला. मग मला जीपखाली सरकवून जॅकनं वर उचललं, जागेवर बसवलं आणि नवीन तेल भरलं.

सूर्य अजून वर होता. लंकाबाई तिच्या दारात उभी होती. तिच्या मागे रेश्माच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. अजिनाथनं क्लच पूर्ण दाबला. पहिला पडला. जीप निघाली. मग दुसरा.

आवाज आला नाही.

लंकाबाईनं गाठोडं उचलून घरात नेलं आणि सोडलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेला तेव्हा रेश्मा आजीजवळ उभी होती. ती रडली, हे खरं आहे. पण सोमवारी दप्तर घेऊन ती पुढच्या सीटवर येऊन बसली.

मित्रांनो, कोणतंही यंत्र उगाच कुरकुरत नाही. त्याचा आवाज आला की हसू नका, थांबा आणि आत बघा. क्लच पूर्ण दाबा, तेल वेळेवर बदला, आणि बंद करण्याआधी प्रत्येक भाग पुसून नीट पाहा. मला फार काही नको, एवढंच हवं.

रेश्मा आता गाडीत मोठ्यानं धडे वाचते. शाळेजवळचा चढ येतो, अजिनाथ दुसरा टाकतो, आणि तिचं वाक्य मधे तुटत नाही.