हॅनाच्या हंड्यातलं अळणी जेवण

मित्रांनो, मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या हॅनाच्या घरचा जुना बिडाचा हंडा. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, तेव्हाच माझ्या पोटात संशय घट्ट बसला असावा. हॅनाच्या सासूकडून मी हॅनाकडे आलो. लांबलचक उपास संपून ईस्टर उजाडला की माझ्यात खारवलेलं बीफ शिजायचं, आणि त्याच पाण्यात गाजरं, बटाटे, शेवटी कोबी. "हा हंडा आहे तोवर मी दहा पाहुण्यांना भीत नाही," हॅना म्हणायची. मी फुलून जायचो.

पुढे तिच्या मुलानं, फिनबारनं, डिम्फनाशी लग्न केलं. सुनेबरोबर चकचकीत स्टीलचं पातेलं आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. त्या पातेल्यावर माझा आजही विश्वास नाही. सुनेवर तर मुळीच नव्हता.

या ईस्टरला डिम्फनानं मलाच बाहेर काढलं. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय! पहिल्या उकळीचं खारट पाणी तिनं ओतून दिलं. ते सगळेच ओततात. पण तिनं दुसरंही ओतलं! आणि इकडेतिकडे बघत तिसरंही! अहो, सगळी चव मोरीत चालली होती. जेवायला हॅनाची नणंद ब्रीडा येणार होती, आणि तिची जीभ म्हणजे सुरी. सासूचं नाक कापायचा डाव, दुसरं काय!

तेवढ्यात हॅना दारात उभी.

"काय गं, चोरून काय ओततेस?"

डिम्फना दचकली. "मीठ काढतेय, आई. तुमचे पाय इतके सुजलेत की बाबांचे जुने बूट घालून चर्चला गेलात. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना?"

"म्हणून सणाचं जेवण अळणी करशील?"

"नाहीतर सगळे जेवतील आणि तुम्ही सुका बटाटा चघळत बसाल. मला नाही बघवणार ते."

हॅनानं खुर्ची ओढून कोबी चिरायला घेतला.

ब्रीडानं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "वहिनी, हे काय गं? सूनबाईंना अजून बीफ उकडता येत नाही वाटतं?"

डिम्फनाची मान खाली गेली. हॅनानं आपल्या ताटात आणखी एक तुकडा वाढून घेतला.

"पाणी मी ओतलं. आता या घरात असंच शिजणार. वाटलेली मोहरी लाव आणि मुकाट्यानं जेव."

डिम्फनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहरीचा ठसका असेल, असंच मला आधी वाटलं. स्वभावाला औषध कुठे!

मित्रांनो, बिडाचं भांडं ओलं ठेवू नका. पुसून तेलाचा हात लावा, नाहीतर गंज चढतो. आणि घरात कुणी चोरून काही करताना दिसलं, तर हॅनासारखं सरळ तोंडावर विचारा. मला विचारता येत नाही, म्हणून मी इतकी वर्षं नुसता आतल्या आत उकळत राहिलो.