कानकिड्यांची नळी

सुताराच्या दारात अख्खी गल्ली लोटली होती. पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली, बाया जिन्यावर उभ्या. आत महाराजांनी सुताराच्या बायकोच्या डाव्या कानाला लाकडी नळी लावली, मंत्र पुटपुटले, आणि टपकन एक कानकिडा ताटात पडला. तपकिरी, वळवळता, शेपटीला चिमटा. "अगं बाई!" म्हणत गर्दी मागे सरली.

"अजून सतरा आहेत," महाराज म्हणाले. जणू आत जाऊन मोजून आले होते! "मेंदूत बिऱ्हाड थाटलंय. घरभर फिरतात ते हिच्याच डोक्यातून निघतात."

महिनाभर कानकिड्यांनी त्या घरात उच्छाद मांडला होता. अंथरुणात, चपलांत, पिठाच्या डब्यामागे. त्यातच बायकोचा कान ठणकायला लागला आणि सुताराच्या आईने महाराजांना बोलावलं. काल त्यांनी त्याच कानात कढत तेल ओतलं होतं. आज पट्टा निघाला.

"मार हिला लागत नाही, किड्याला लागतो," म्हणत महाराजांनी तिच्या पाठीवर पट्टा सपकन ओढला.

"मलाच लागतोय हो! अहो, सोडवा ना मला!"

"ऐकलंत? किडा बोलतोय!"

वा रे किडा! आणि सोडवणार कोण? तिचे हात सुतारानेच धरले होते. ती धडपडली तेव्हा त्याने तिच्या थोबाडीतही मारली होती. रागाने नाही, भीतीने. पण गालाला त्यातला फरक कळत नाही.

तेलाची पळी पुन्हा धुरावली. "आता उजवा कान," महाराज म्हणाले. पळी उचलायची म्हणून त्यांनी नळी सुताराकडे दिली. "धर जरा."

सुताराचा अंगठा सवयीने लाकडावरून फिरला आणि थांबला. वरच्या लाकडाची शीर, म्हणजे त्यातली रेघ, सरळ उतरत होती, खालच्या बोटभर तुकड्याची आडवी. मध्ये मेणाने बुजवलेला सांधा! वीस वर्षं सांधे जुळवण्यात गेली होती त्याची. त्याने बायकोचा हात सोडला आणि नळीचं बूड पिळलं. ओल्या कापसात कोंबलेले चार कानकिडे त्याच्या तळहातावर पडले.

"हे कोणाच्या मेंदूतले?"

महाराज पळीसकट दाराकडे सटकले. सुताराने त्यांचं मनगट पिरगाळलं, तेल त्यांच्याच पायांवर सांडलं, आणि त्यांची किंकाळी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

"किडा ओरडतोय," जिन्यावरची एक बाई म्हणाली. मग मात्र गर्दीने महाराजांना धू धू धुतलं. कालपर्यंत पाया पडणारेच पुढे होते.

डॉक्टरांनी कान तपासला. "कान पिकला होता, चार दिवसांच्या औषधाने बरा झाला असता. आता तेलाने पडदा जळलाय. आणि कानकिडा मेंदूत जात नाही हो, त्याला ओल आणि अंधार लागतो. घराला टेकून ओलं काही ठेवलंय का?"

ठेवलं होतं. खिडकीखाली भिंतीला लागून सुतारानेच ओल्या फळ्या रचल्या होत्या. त्याने त्या हलवल्या, तर खाली कानकिड्यांचं गावच वसलेलं! फळ्या लांब, उन्हात गेल्या. भिंतीच्या फटी त्याने भुसा आणि सरसाने बुजवल्या. आठ दिवसांत घरात एक किडा उरला नाही.

एका संध्याकाळी तो बायकोच्या डाव्या बाजूला बसला. "चुकलो गं मी. माफ कर." ती मटार सोलत राहिली. त्याने पुन्हा म्हटलं. तिने मान वर केली, त्याचे ओठ हलताना पाहिले.

"या बाजूला येऊन बोला," ती म्हणाली. "तिकडून काही ऐकू येत नाही."

ती नळी आता त्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे, बूड उघडं ठेवून. येईल त्याला तो सांगतो, "कोणी चमत्कार दाखवला तर वस्तू आधी हातात मागून घ्या, नीट बघा. दुखलं-खुपलं तर डॉक्टर गाठा. मीही नळी बघितली, पण एक दिवस उशिरा."