चालवणार कोण?

घर म्हणावं तर मला चाकं आहेत, गाडी म्हणावं तर पोटात ओटा, पाण्याची टाकी नि झोपायला दोन बाकं आहेत. मित्रांनो, मी एक जुनी मोटरहोम आहे. देवळालीच्या शेखरशेठने शाळेच्या मिनीबसमधून मला घडवलं. चार वर्षं मी भाड्याने गावोगाव हिंडले. लोक कौतुकाने माझे फोटो काढायचे. मग शेठने नवी, मोठी मोटरहोम आणली. तिच्यात टीव्ही, एसी, न्हाणीसुद्धा! तेव्हापासून मी कुंपणाशी उभी. दोन वर्षं रस्त्याच्या आवाजाला कान लावून होते. खोटं कशाला सांगू, रडू यायचं.

परवा सायखेड्याहून सहादूबाबा आणि कुसाबाई मोटरहोम विकत घ्यायला आले. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवून सगळा देश पाहिला. कुसाबाई शेत सोडून कुठे गेल्या नाहीत. त्यांना समुद्र पाहायचा होता.

बाबा तडक मोठीच्या स्टिअरिंगवर जाऊन बसले. "हीच घेऊ. लय ऐसपैस हे."

"चालवणार कोण?" कुसाबाईंनी विचारलं.

लकव्याने बाबांचा उजवा हात गेला होता. गाडी पाहण्याच्या नादात नेमकं तेवढंच ते विसरले होते.

कुसाबाई रोज ट्रॅक्टर चालवतात. त्यांच्याकडे ज्याला ट्रॉली मागे घेता येते, तोच खरा ड्रायव्हर. त्यांनी मोठी मागे घेऊन पाहिली. गाडीचा शेवट दिसेना, पाय ब्रेकला नीट पुरेना. त्या उतरून माझ्याकडे आल्या. शेठने मला बॅटरी जोडली. मी दोनदा खोकले, तिसऱ्यांदा चालू झाले. भिंत आणि कडुनिंबाच्या मधून त्यांनी मला एका दमात मागे घेतलं.

"पण हिच्यात न्हाणी नाय," बाबा पुटपुटले.

"तुमच्या ट्रकात व्हती का?"

बाबांना हसू आलं. सवयीने ते माझ्या उजव्या, ड्रायव्हरच्या दाराशी आले. तिथे कुसाबाई बसलेल्या. बाबांचा डावा हात जरा वेळ माझ्या दारावर तसाच राहिला. मग ते वळसा घालून पलीकडे गेले, बायकोशेजारी बसले आणि म्हणाले, "चल, तू नेशील तिकडं."

मित्रांनो, गाडी घेताना सोयी पाहा, लांबी-रुंदी मोजा, पण ती चालवणाऱ्याच्या हातात आधी देऊन बघा. आणि घेतलीत की उभी करून ठेवू नका. आम्हाला रस्त्याची फार आठवण येते.