जांभळं औषध

डॉक्टर राजेश्वरींनी कापसाचा तिसरा बोळा टाकून दिला, तरी जोतीरामच्या खालच्या ओठाचा जांभळा रंग निघेना.

"हे काय लावलंय, मामा?"

जोतीरामने बायकोकडे पाहिले. रंगुबाईने उजवा हात पदराखाली घेतला. तिच्या बोटाचे नखही त्याच रंगाचे होते.

"औषध हाय," ती म्हणाली.

"कुणी दिलं?"

"मेंढरांच्या डॉक्टरनं."

मागे उभ्या असलेल्या नर्सला हसू आले. डॉक्टरांना आले नाही. त्यांनी चौथा बोळा भिजवला आणि हलक्या हाताने पुसत राहिल्या. रंगाखाली जखम होती. हरभऱ्याच्या घाट्याएवढी, कडा वर उचललेल्या, मधोमध खोल. मग त्यांची बोटे जोतीरामच्या हनुवटीखालून गळ्याकडे गेली आणि डाव्या बाजूला एका जागी थांबली.

"किती दिवस झाले याला?"

"म्हैना झाला आसंल," रंगुबाई म्हणाली. "लय तर दीड."

ही आषाढातली, सांगलीच्या दवाखान्यातली गोष्ट. जखम आली होती पौषात. डॉक्टरांनी कागदावर दीड महिना लिहिले. जोतीरामने बायकोचे खोटे ऐकले आणि समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिला.

माण तालुक्यातल्या मेंढक्यांची घरे दिवाळीनंतर ओस पडतात. जोतीरामचेही पडायचे. दीडशे मेंढरे, एक घोडे, दोन कुत्री आणि रंगुबाई, एवढे घेऊन तो कृष्णेच्या काठाला, वाळव्याच्या बाजूला उतरायचा. मुलगा पप्पू मुंबईत माथाडी कामगार होता, त्याची बायको सोनिया लेकरांच्या शाळेसाठी गावात राहायची. रानात दोघेच. तो मेंढरे चारायला नेणार, ती कोकरे, चूल आणि बिऱ्हाड सांभाळणार.

त्या पौषात कोकरांना मावा आला. मावा म्हणजे मेंढरांच्या ओठांवर येणारा फोडांचा रोग. खपल्या धरतात, कोकराला आचळ तोंडात घेता येत नाही. धनाजी नावाचा गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला आणि जांभळ्या औषधाची बाटली देऊन गेला. रंगुबाई रोज चाळीस कोकरांची तोंडे रंगवू लागली. आठच दिवसांत जोतीरामच्या ओठावर, बाराव्या वर्षापासून तो जिथे तंबाखूची चिमूट धरत आला होता नेमक्या तिथे, एक फोड उठला.

"तुमालाबी मावा आला जणू," रंगुबाई म्हणाली.

"मग लाव की. एक्केचाळिसावं कोकरू म्हन."

तिने लावले. दोघे हसली. कोकरांचे फोड विसाव्या दिवशी गेले. जोतीरामचा गेला नाही. ती लावत राहिली.

माघात धनाजी पुन्हा आला तेव्हा जोतीराम मेंढरांमागे होता. तिने सहज विचारले, मेंढराचा मावा माणसाला होतो का.

"हुतो की," धनाजी म्हणाला. "हाताला तर नेहमी हुतो. पर तीन आठवड्यांत जातो. न्हाई गेला तर त्यो मावा नव्हं, मावशे. सांगलीला न्हेऊन दाखवा. येळ करू नका."

हे तिने नवऱ्याला सांगितले नाही. सांगितले असते तर तो सांगलीला गेला असता आणि दीडशे मेंढरे परक्या शिवारात तिच्या एकटीच्या गळ्यात पडली असती. उशिरा झालेली कोकरे अजून कळपाबरोबर चालू शकत नव्हती. ज्येष्ठात घरी गेल्यावर सांगू, असे तिने ठरवले. मग माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख असे चार महिने ती रोज सकाळी आधी कोकरांना बघायची आणि मग त्याच बाटलीत बोट बुडवायची. घरी आल्यावरही तिने धनाजीचे नाव काढले नाही; आषाढ लागल्यावर नुसते म्हणाली, सांगलीला दाखवून येऊ.

तपासणीचा कागद आठवड्याने आला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितले. ओठाचा कॅन्सर आहे. खालचा ओठ जवळपास सगळा काढावा लागेल, गालाचे मांस ओढून तिथे लावू, गळ्यातल्या गाठी काढू. नंतर सहा आठवडे विजेचा शेक.

"म्हंजी बरं व्हतंय का?" रंगुबाईने विचारले.

"ओठावरच असताना आलं, तर शंभरातले नव्वद बरे होतात, मावशी. गळ्यात उतरलं की निम्मे."

निम्मे म्हणजे काय हे रंगुबाईला कुणी समजावण्याची गरज नव्हती. एका साथीत तिची निम्मी मेंढरे गेली होती. सकाळी उठून बघितले की मोजायचीही गरज नसते.

जोतीरामला दुसरेच विचारायचे होते. "बाई, मेंढरं बोलवता येतील का?"

"कशी बोलवता?"

त्याने ओठ मिटले आणि त्यांतून वारा सोडला. प्रर्रर्रर्र. खालचा ओठ थरथरला, जखम ताणली, डोळ्यांत पाणी आले. पण आवाज असा निघाला की बाहेर बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले आणि शिपायाने दारातून डोके आत घातले.

"बघा," जोतीराम म्हणाला. "आलं एक."

या वेळी डॉक्टरही हसल्या. मग म्हणाल्या, "नाही, मामा. हे नाही होणार."

त्याने मान हलवली आणि संमतीच्या कागदावर उमटवायला सवयीने अंगठा पुढे केला. डॉक्टरांनी पेन दिले. सही त्याला येत होती; त्याने ती केली.

ऑपरेशन झाले. दवाखान्याच्या मागच्या धर्मशाळेत रंगुबाई तीन महिने राहिली. नळीतून दूध, पेज, मग चमच्याने, मग दुधात कुस्करलेली भाकरी. शेकाने गळा करपल्यासारखा काळा झाला. तोंडाचे भोक एवढे लहान झाले की भाकरीचा घास सरळ जात नव्हता. खांद्यावर कायमचा टॉवेल आला, कारण लाळ थांबत नसे. बोलणे सांडायचे. परक्याला निम्मे कळायचे. रंगुबाईला सगळे कळायचे, आणि म्हणूनच तिला त्याच्याशी फार बोलवत नसे. धर्मशाळेच्या बायका म्हणायच्या, लय सेवा करतीस गं बाई. ती भांडी घासायला निघून जायची.

दसऱ्याला दोघे गावी परत आली. मेंढरे तोवर धाकट्या दिराने, आप्पासोने, चारली होती. आल्या दिवशी जोतीराम टॉवेल सावरत माळावर गेला. मेंढरांकडे तोंड करून उभा राहिला आणि सवयीने ओठ मिटायला गेला. मिटले नाहीत. नुसता वारा आणि थुंकी बाहेर पडली. एका म्हाताऱ्या मेंढीने मान वर केली, त्याच्याकडे बघितले आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने तेलाच्या रिकाम्या डब्यात खडे भरले आणि तो वाजवायला सुरुवात केली. मेंढरे चार दिवसांत डब्याला सरावली. आप्पासो म्हणाला, "बघ दादा, जनावर कुटं आडत न्हाई." जोतीरामला त्याचेच जास्त लागले, हे फक्त रंगुबाईच्या लक्षात आले.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ती दोघे खाली कृष्णाकाठाला उतरली नाहीत. दर दोन महिन्यांनी सांगलीला जायचे. दहिवडीहून एसटी, विट्याला बदल. डॉक्टर गळा चाचपायच्या आणि "छान" म्हणायच्या. जुन्या कागदावरचा दीड महिना दर खेपेला टेबलावर उघडा पडलेला असायचा. रंगुबाईला वाचता येत नव्हते, तरी तो कुठल्या ओळीत आहे हे तिला माहीत होते.

दुसऱ्या वर्षीच्या भाद्रपदात डॉक्टरांची बोटे कानाखाली थांबली. त्या "छान" म्हणाल्या नाहीत. फोटो काढून आणायला सांगितले, तो बघितला.

"पुन्हा कापून उपयोग नाही, मामा. दुखणार नाही याची औषधं देते."

जोतीरामने काहीतरी विचारले. डॉक्टरांना कळले नाही. त्यांनी रंगुबाईकडे पाहिले.

"कुटवर, म्हनत्यात," रंगुबाई म्हणाली.

"संक्रांतीपर्यंत," डॉक्टर म्हणाल्या. "थोडं पुढे-मागे."

विट्याच्या स्टँडवर दहिवडीच्या गाडीला तासभर होता. रंगुबाईने चहा आणला, बशीत ओतला, फुंकून गार केला आणि चमच्याने त्याला पाजू लागली. चार चमचे झाल्यावर तिने बशी खाली ठेवली.

"आवं, एक सांगायचं हाय."

त्याने टॉवेलने तोंड पुसले.

"माघात धनाजी आल्ता तवा मला म्हनला व्हता. तीन आठवड्यांत न्हाई गेला तर मावा नव्हं. सांगलीला न्ह्या. मी तुमास्नी बोलले न्हाई. कोकरं व्हती, मी एकली... मला वाटलं जाईल."

गाड्या येत-जात होत्या. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी कवठे महांकाळच्या गाडीचा फलाट सांगत होते. जोतीरामने ते संपेपर्यंत वाट पाहिली. मग एकेक शब्द सावरत बोलला.

"मलाबी सांगितलं व्हतं त्यानं. वाटंत गाठ पडली. तुझ्याआदी."

तिने त्याच्याकडे बघितले.

"मग वो?"

"मग काय. कोकरं ल्हान व्हती."

एवढेच. तिला वाटले होते, सांगून झाले की छातीवरचे उतरेल. उतरले नाही. आता ते दोघांचे झाले. जोतीरामने स्वतःच बशी उचलली आणि तिच्यापुढे धरली. उरलेला चहा तिने प्यावा म्हणून.

मार्गशीर्षात कोकरांना पुन्हा मावा आला. जुनी बाटली रंगुबाईने ओढ्यात फेकली होती. सोनियाने नवी आणली, पण रंगुबाई तिला हात लावीना. जोतीराम तेव्हा ओसरीवरून फारसा हलत नव्हता. त्याने बाटली मागून घेतली. कोकरू मांडीवर आडवे घ्यायला खुणावले.

"तू तोंड धर," तो म्हणाला.

तिने धरले. त्याने बोट बुडवले आणि कोकराच्या ओठावरून सावकाश फिरवले. सतरा कोकरे झाली. एकही खपली सुटली नाही. मग त्याने सोनियाकडून त्या दिवशीची तारीख विचारून घेतली आणि बोटांवर पुढे मोजले.

विसाव्या दिवशी त्याने पहिले कोकरू मागवले. टॉवेल तोंडाशी धरून, दुसऱ्या हाताने त्याचा ओठ खाली ओढून नीट बघितला. स्वच्छ होता. त्याने ते रंगुबाईच्या हातात दिले. तिने उंबऱ्याबाहेर सोडल्यावर कोकरू धावत गेले आणि आईला ढुशा मारत पिऊ लागले.

"दुसरं आन," जोतीराम म्हणाला.