वाजणारा ब्रेक

दवनीवाड्यातल्या सुनेनं रोज मोपेडवर बसून गोंदियाच्या रस्त्याला लागायचं, हे २००६ सालीही काही जणांच्या डोळ्यांत खुपत होतं. रविताला त्याचं काही नव्हतं. गोंदियाजवळच्या फुलचूरला तिचं माहेर, तिथंच तिनं शिवणाचा क्लास काढला होता आणि तो झकास चालला होता. सगळ्यात जास्त खुपायचं ते तिच्या दिराला, संजूला, कारण मोपेडवर त्याचाही डोळा होता. शेवटी सासरे केवलराम यांनी निकाल लावून टाकला. गाडी रविताकडेच राहील, पण ज्या दिवशी ती पडेल किंवा कुणाला पाडेल, त्या दिवशी चावी संजूकडे जाईल.

तेव्हापासून गाडीच्या बाबतीत रविताचा दुसऱ्या कुणाच्या हातावर भरवसा राहिला नव्हता. पुढचा ब्रेक ढिला पडला तेव्हा तिनं मिस्त्रीकडे न नेता तो घरीच खोलला. तिच्या बापाचं दुकान गाड्या दुरुस्तीचं. लग्नाआधी तिथं तिनं चिक्कार चाकं उघडली होती. अंगणात पोतं अंथरून तिनं पाने मांडले, चाक काढलं, झिजलेले ब्रेक शू बाजूला टाकले, आतली काळी भुकटी ओल्या फडक्यानं पुसली आणि नवे शू बसवून केबल ताणली. संजू ओसरीवरून विचारत होता, एखादा नट उरला की नाही. नट एकही उरला नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं.

काम पक्कं झालं होतं, फक्त नवा ब्रेक वाजत होता. गल्लीतून चक्कर मारून ती अंगणात थांबली तेव्हा ब्रेक असा काही किंचाळला की कोंबड्या पळाल्या. नवे शू थोडे दिवस वाजतात, घासले की गप्प होतात, हे रविताला ठाऊक होतं. ते घरात कुणाला सांगावं असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

इथं केवलरामांची पंचाईत झाली. त्यांचं सगळं आयुष्य बंडीवर धान वाहण्यात गेलेलं. त्यांच्या काळात कुणाची बंडी करकरत गावात शिरली, तर बैलांपेक्षा मालकालाच लोक नावं ठेवायचे. बंडी विकली गेली, तरी आसाला घालायच्या एरंडीच्या तेलाची बाटली ओसरीच्या खुंटीवर अजून टांगलेली होती. आपल्या घरची गाडी अशी गल्लीभर ओरडत फिरावी, हे म्हाताऱ्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवितानं गाडी सुरू केली. रस्त्याला लागण्याआधी अंगणात एकेक ब्रेक वेगळा दाबून पाहायचा, ही तिची सवय. पुढचा दाबला. ब्रेक वाजला नाही आणि लागलाही नाही. मागच्या ब्रेककडे हात जाईपर्यंत ती गाडीसकट तणसीच्या, भाताच्या पेंढ्याच्या ढिगात जाऊन पडली होती.

लागलं कुठंच नाही, केसांत तणीस तेवढी भरली. संजू हसत हसत पुढं आला.

"मिस्त्रीचं काम होतं वहिनी. घरी कायले खोलली?"

रविता उठून पाने घेऊन आली. आपल्या हातानं केलेलं काम एका रात्रीत बिघडत नाही, याची तिला खात्री होती. तिनं तिथंच चाक काढलं. शू तेलानं चिंब झाले होते. तिनं बोट नाकाला लावलं. वास एरंडीचा होता. तिनं ओसरीकडे पाहिलं, तर केवलराम खाटेवर मान खाली घालून बसले होते. तिला आधी राग आला, सणसणीत राग. आणि मग त्या वाकलेल्या मानेकडे बघून तिला त्यांची दयाही आली. एक नाव घेतलं असतं तर गाडी तिच्याकडेच राहिली असती. पण दारात शेजारी गोळा झाले होते, आणि त्यांच्यासमोर या माणसाला खाली बघायला लावणं तिच्यानं झालं नाही.

"काम माझं पक्कं होतं," ती म्हणाली. "शूले तेल लागलं. आता हे कामाचे नाही राहिले."

तिनं चावी ओसरीच्या कडेवर, सासऱ्यांसमोर ठेवली. पडली ती पडली, चावीची बोली आधीच ठरली होती. संजूनं हात पुढं केला, पण त्याच्याआधी केवलरामांनी चावी उचलून खिशात घातली. मग तेलकट शू कागदात गुंडाळून पिशवीत टाकले, टोपी घातली आणि गोंदियाची एसटी गाठली.

ते परतले तेव्हा उन्हं कलली होती. पिशवीत नव्या शूंची जोडी होती. संजू समोर, शेजारची शामकला कुंपणापाशी. म्हाताऱ्यानं आवाज मुद्दाम चढवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"तेल मीच टाकलो. वाजून राहिलं होतं म्हणून बंडीवानी टाकलो. बाईचं काम चोख होतं." त्यांनी चावी रविताच्या हातात दिली. "बसव आता. मी मागं बसतो."

रवितानं चाकाच्या आतला ड्रम घासूनपुसून कोरडा केला, नवे शू बसवले आणि अंगणात दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मग केवलराम टोपी सावरत मागं बसले. गावाबाहेर कालव्याच्या उतारावर समोरून बकऱ्या आल्या. तिनं ब्रेक दाबला आणि गाडी किंचाळत जागच्या जागी थांबली. बकऱ्या राखणारा दचकून बघायला लागला.

"चार दिवस वाजते मामाजी," आता मात्र तिनं सासऱ्यांना सांगितलं. "मग चूप होते."

केवलराम त्या बकऱ्यावाल्याकडे ताठ मानेनं बघत होते.

"वाजू दे," ते म्हणाले.