गुरुवारची गाडी

अनंतरावांनी डिस्ट्रिब्युटरखालचा बोल्ट ढिला केला आणि बॉनेटआडून हात वर केला. ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या बकुळताईंनी अॅक्सिलरेटर दाबला. डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते, आणि ती कधी पडावी हे अनंतराव आजवर कानानंच ठरवत आले होते. रेल्वेच्या वर्कशॉपात हयात गेलेला माणूस टायमिंगसाठी मेकॅनिककडे जाईल? छे!

मुलगा नीरज पायरीवर चहा घेत उभा होता. त्यानं वडिलांसाठी आणलेलं कानाचं मशीन कपाटात धूळ खात पडलं होतं, आणि ही जुनी गाडी विकायचं मानिक चौकापलीकडच्या भंगारवाल्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. “घरी टायमिंग लागलं नाही, तर खुशाल गाडी ने,” असं वडीलच भरात बोलून बसले होते. गाडी गेली की मार्गशीर्षातल्या गुरुवारी नवरा-बायकोनं तिच्यातून लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या महालक्ष्मीला जाणंही गेलं. आज पहिलाच गुरुवार. अनंतरावांचा जीव टांगणीला लागला होता.

त्यांनी डिस्ट्रिब्युटर किंचित पुढे सरकवला.

“झालं! आता बरोबर.”

“नाही हो, इंजिन टणटणतंय,” बकुळताई आतून म्हणाल्या.

“हं,” म्हणत त्यांनी पाना उचलला.

बकुळताई खाली उतरल्या आणि त्यांच्या कानाशी येऊन ओरडल्या, “टणटणतंय! दाबलं की लगेच. थोडं मागे घ्या.”

अनंतराव बॉनेटमध्ये वाकले. त्यांना नुसती घरघर ऐकू आली. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी हातातलं फडकं बायकोला दिलं आणि स्वतः अॅक्सिलरेटर दाबायला ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले.

बकुळताईंनी पदर खोचला. डिस्ट्रिब्युटर फडक्यानं धरून जरा मागे घेतला, पुन्हा जरासा, आणि टणटण थांबल्यावर हात वर केला. अनंतरावांनी इंजिन बंद केलं आणि उतरून बोल्ट आवळला.

“वा बाबा, एकदम मक्खन!” कप आत ठेवून आलेला नीरज म्हणाला. “जमलं की तुम्हाला.”

“मग! यांनाच जमणार,” बकुळताई घाईनं म्हणाल्या.

“काहीतरीच. हिनं लावलं,” अनंतराव म्हणाले. “पण घरीच लागलं ना? तुझ्या त्या भंगारवाल्या भैयाला मना कर.”

नीरज हसला. “करतो मना.”

अनंतराव बायकोकडे वळले. “ही टणटण कधीपासून ऐकतेयस?”

“गेल्या मार्गशीर्षापासून. सांगितलं होतं की. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

वर्षभरात आपण आणखी कशाकशाला ‘हं’ म्हटलं असेल, या विचारानं अनंतराव ओशाळले. बायकोच्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी हात पुसले.

“नीरज,” ते म्हणाले, “कपाटातलं ते मशीन आण. तालावर जाताना ही बोलेल काहीतरी.”