राजोडीची बंगली

विहिरीच्या पाण्याबद्दल तुळशीदासांचा शब्द आगाशीत कुणी खाली पडू देत नसे. कुणाला वाडी विकत घ्यायची असली की आधी त्यांना नेत. ते ओंजळभर पाणी तोंडात घेत, डोळे मिटून घोळवत आणि मग निकाल देत. त्या वेळी चेहरा असा करत, की समोरच्यानं हात जोडून उभंच राहावं.

त्यामुळे बोरिवलीला राहणाऱ्या थोरल्या मुलानं, दिवाकरनं, "बाबा, आमच्या बँकेतल्या साहेबांना राजोडीला सुट्टीसाठी बंगली घ्यायची आहे, जरा बघून द्याल का?" असं विचारलं, तेव्हा म्हातारा हरखून गेला. दिवाळी तोंडावर आली होती, वाडीत कामाचा डोंगर होता. तरी इस्त्रीचं धोतर नेसून टांग्यात आधी जाऊन बसला तो हाच.

बंगली म्हणजे सुरूच्या झाडांमागे दोन खोल्या, पुढे झोपाळा टांगलेली ओटी आणि वर कौलं. मालक प्लासिड शेजारीच राहायचा. तुळशीदासांनी त्याला रामराम केला आणि लगेच बोटांच्या पेरांनी वासे ठोकायला सुरुवात केली.

"साहेबांना सांग, बंद घराची खरी मालकीण वाळवी. इथं नाही, पण दरसाल बघायला हवं. आणि शेजार चांगला आहे. रिकाम्या घराला कुलूप नाही राखत, शेजारी राखतो."

दिवाकर मान डोलवत होता. दार कुठल्या तोंडाला आहे, पावसाळ्यात टांगा कुठवर येतो, माडांचे नारळ कुणाचे, सगळं म्हाताऱ्यानं खोदून खोदून विचारलं. साहेबांनीही एवढी चौकशी केली नसती. स्वयंपाकघर पाहून मात्र तुळशीदासांनी नाक मुरडलं.

"हे काय, कोनाडा आहे का घर? चार माणसांचं जेवण व्हायचं नाही इथं."

"तेवढंच पुरे," दिवाकर म्हणाला.

मग विहीर. पाणी गोड लागलं. पण तुळशीदास वाकून आत बघत राहिले. पाण्याच्या वरच्या दगडांवर पांढरा खार फुटला होता. त्यांनी मान वर करून माड पाहिले, तर झावळ्यांची टोकं करपलेली. पाऊस सरून थोडेच दिवस झाले होते म्हणून आज गोड. होळीनंतर या पाण्यानं चूळसुद्धा भरवायची नाही. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात प्लासिडची बायको सालोमी सरबताचे पेले घेऊन आली.

"दिवाकरभाऊ, मथुराबायला नाय आनलंत? गेल्या रविवारी पोरं झोपाळ्यावरून उतरायला तयार नव्हती. म्हटलं, आता हे घर तुमचंच हाय, रोज बसा!"

तुळशीदासांनी ओठांशी नेलेला पेला खाली घेतला. मथुरा म्हणजे त्यांची सून. गेल्या रविवारी पोरांना ताप आहे म्हणून आगाशीला येता येत नाही, असा निरोप आला होता. नर्मदेनं, त्यांच्या बायकोनं, त्या तापासाठी नवसही केला होता.

"साहेब कोण?" त्यांनी विचारलं.

दिवाकर वाळूकडे बघत राहिला. "साहेब नाहीत, बाबा. घर मीच घेतोय."

आगाशीहून राजोडी ती किती लांब! बापाचं घर तिथं, गोड्या पाण्याची विहीर तिथं, आणि पोरगा सुट्टीला इथं येऊन राहणार? तुळशीदासांना आपल्याच पायांखालची वाळू सरकल्यासारखं झालं. राग तर होताच, पण त्याहून मोठी लाज होती. आपल्याला टाळायला घर हवं होतं, आणि ते आपल्याकडूनच पारखून घेतलं!

आणि आता पाण्याचं काय? सांगावं, तर म्हातारा जळफळाटानं खोडा घालतोय असं वाटणार. न सांगावं, तर मुलगा फसणार. त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

"दिवाकर, हे पाणी होळीनंतर खारं होतं. खोटं वाटत असेल तर या प्लासिडलाच विचार."

दिवाकरच्या कपाळावर आठी पडली. पण प्लासिडनं कान खाजवला.

"बाबा बोलतात ता खरा हाय. उन्हाळ्यात पियाचा पानी आमी गावातशी आनतो."

तुळशीदासांनी सुटकेचा श्वास सोडला. सुटलो बाबा! आता व्यवहार मोडणार, पोरगा घरी येणार.

"चालेल," दिवाकर म्हणाला. "खारं तर खारं. आम्ही पाणी भरून आणू."

तुळशीदास बघतच राहिले. "अरे, घरी अमृतासारखं पाणी सोडून..."

"घरी आलो की सुट्टी कुठं असते, बाबा?" दिवाकरचा आवाज चढला नाही, हीच खरी पंचाईत. "मथुरा पहाटे चुलीपाशी बसते ती रात्रीपर्यंत. तुम्ही वाडीतल्या माणसांना जेवायला बसवता, वाटेवरच्यालाही हाक मारता. दोन वर्षांत तिनं समुद्र पाहिला तो गेल्या रविवारी, इथं. मी सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

टांगा परत निघाला. फाट्यावर दिवाकर उतरून स्टेशनकडे गेला.

घरी नर्मदा भलं मोठं पातेलं उतरवत होती. वाडीतले गडी पानावर बसायचे होते. तुळशीदासांनी तिला सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून घेईल, पोराला शिव्या घालील, निदान रडेल तरी, अशी त्यांची खात्री होती. ती पातेल्याशी तशीच उभी राहिली. चुलीच्या धगीनं तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

"स्वयंपाकघर केवढं आहे म्हणालात?"

"कोनाड्याएवढं. चार माणसांचंही व्हायचं नाही."

नर्मदेनं पदरानं घाम पुसला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याकडे काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"मग मला नेऊन सोडता का तिथं," ती हळूच म्हणाली, "थोडे दिवस?"